गळ, डोह आणि वाटाड्या

आमच्या घरी मासा शिजत नाही. आमच्या आळीतल्या बहुतेक घरांत शिजत नाही. आचार्य विद्यासागर महाराजांचे सदलगा ते हेच. जैन आणि लिंगायत घरांचे, तंबाखू-उसाचे, दूधगंगेकाठचे गाव. अशा गावच्या माणसाने गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत गळ टाकून मासे धरण्याच्या छंदावर लिहावे, हे काहींना खटकेल. म्हणून आधीच सांगतो. हा लेख मासे खाण्याविषयी नाही. पाणी ओळखणाऱ्या माणसांविषयी आहे.

माझ्या लहानपणी, साधारण १९९० च्या आसपास, उन्हाळ्यात कोल्हापूर-बेळगावकडून काही हौशी मंडळी स्कूटरवर गळाच्या काठ्या बांधून नदीवर येत. बहुतेक नोकरदार किंवा निवृत्त माणसे. काठ्या परदेशी, दोऱ्याच्या चकत्या चकचकीत. ती नवशिकी नव्हती, वीस-वीस वर्षे गळ टाकलेली होती. तरी आल्यावर पहिल्यांदा चौकशी करत ती नदीकाठच्या एका भोई म्हाताऱ्याची. आम्ही पोरे त्यांना भोईमामा म्हणत असू.

मामा बांबूच्या काठीवाले. पाहुण्यांची काठी हातात घेऊन वजन बघत आणि म्हणत, "सायेब, काठी लई भारी हाय, पर बसलाय चुकीच्या जागंला." मग पुढे मामा आणि मागे साहेब अशी वरात डोहाच्या वरच्या अंगाला निघे. पाण्यावर बुडबुडे कसे येतात, ते एका जागी थांबतात की सरकतात, यावरून खाली कोण चरतोय ते मामा सांगत. वाम आणि शिंगटीला गांडूळ, मरळीला बेडूक, कोळशीला शेंगदाण्याची पेंड घालून मळलेली कणीक. मजुरी म्हणून निपाणीच्या विड्यांचा एखादा कट्टा आणि जाताना हातावर ठेवतील ते. पाहुणे धरलेल्या माशासोबत फोटो काढत. त्या फोटोत मामा कधी नसत, कारण बहुधा फोटो त्यांनाच काढायला लावत!

हे मला पुढे बरीच वर्षे आठवत राहिले. पाटबंधारे खात्यात नोकरी लागल्यावर नदीची पातळी, विसर्ग, बंधाऱ्याच्या फळ्या यांच्याशी रोजचा संबंध आला. त्या निमित्ताने नदीविषयी जे मिळेल ते वाचत गेलो, आणि लक्षात आले की मामांच्या फोटोची ही गोष्ट फार जुनी आहे.

राजाचा छंद

गळाचा छंद इंग्रजांनी आणला, असा आपला समज असतो. तो खरा नाही. आपला हा सगळा मुलूख एके काळी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इ.स. ११२९ च्या आसपास, 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणी' हा संस्कृत ग्रंथ रचला. पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सर्व काही त्यात आहे. चौथ्या भागात राजाने करायच्या करमणुकी आहेत, आणि त्यांतली एक आहे 'मत्स्यविनोद'.

या अध्यायात समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे मासे वेगळे केले आहेत. रोहित, पाठीन अशी त्यांची नावे आहेत. काठी कशी असावी, दोरी कशाची वळावी, कोणत्या माशाला कोणते आमिष चालते, हेही दिले आहे. भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचे संचालक असलेल्या सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या अध्यायावर निबंध लिहून तो जगापुढे आणला. इंग्लंडमध्ये गळाच्या छंदावरचे पहिले पुस्तक छापले गेले ते १४९६ साली. म्हणजे आपला राजा साडेतीनशेहून अधिक वर्षे पुढे होता.

मराठी वाचकाला या ग्रंथाचे आणखी एक अप्रूप आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानसोल्लासाचे नाव येते, कारण त्यात गाण्यांच्या प्रकरणात दशावताराच्या स्तुतीच्या काही मराठी ओळी आहेत. त्यांत पहिली स्तुती आहे ती रसातळातून वेद परत आणणाऱ्या मत्स्यावताराची. कन्नड मुलखाचा राजा, संस्कृत ग्रंथ, त्यात मराठी गाणे आणि गाण्यात मासा! आपल्या सीमाभागाचे याहून नेमके चित्र कोणते असेल? आम्ही घरात एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा बोलतो. नऊशे वर्षांपूर्वीही काही वेगळे नव्हते, असे वाटते.

पण एक प्रश्न पडतो. राजाला हे ज्ञान कुठून आले? कोणत्या माशाला कोणते आमिष लागते हे राजवाड्यात बसून कळत नाही. कोणीतरी पाण्यात उभे राहून आयुष्य काढले असेल, तेव्हा राजाच्या लेखकाने ते लिहून घेतले असेल. ग्रंथावर नाव राजाचे आले.

साहेबाच्या वहीतील मराठी नावे

आता सातशे वर्षे पुढे येऊ. पेशवाई १८१८ साली संपली आणि दख्खन कंपनी सरकारच्या हाती गेले. मुलूख मोजण्यासाठी १८२४ साली विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची मुंबई सरकारने नेमणूक केली. लोकसंख्या, पिके, पाऊस मोजता मोजता साइक्सने पक्षी आणि मासेही टिपले. दख्खनच्या नद्यांतील माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने १८४१ साली सविस्तर छापला. हाच साइक्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्षही झाला.

या निबंधाची गंमत अशी की, साइक्सने अनेक माशांना लॅटिन नाव देताना काठावरच्या माणसांच्या तोंडचे नावच उचलले. शिंगटीचे झाले 'सिंगटी', कोळशीचे 'कोलस', मल्ल्याचे 'मुल्या'. नाकावर कोंबासारखा उंचवटा असलेला आपल्या कृष्णा खोऱ्यातला एक मासा आहे. त्याचे शास्त्रीय नाव 'नुक्ता'. आणि ज्याच्यासाठी जगभरचे गळवाले भारतात येत, तो महाशीर, त्याची दख्खनी जात म्हणजे 'टोर खुद्री'. यातले 'खुद्री' हे साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या काठी ऐकलेले नाव.

आज जपानमधला किंवा जर्मनीतला शास्त्रज्ञ या माशांविषयी लिहितो, तेव्हा त्याला दख्खनच्या नदीकाठचा शब्द लिहावाच लागतो. जाळे टाकून साहेबाला मासा दाखवणारा, "ह्येला अमुक म्हंत्यात" असे सांगणारा तो कोळी किंवा भोई कोण होता, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. त्याने सांगितलेला शब्द तेवढा टिकला.

पुढे मद्रास इलाख्यात, मंगळूरकडच्या दक्षिण कन्नड जिल्ह्यात, एच. एस. थॉमस नावाचे कलेक्टर होते. त्यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ साली निघाले. आकाराच्या मानाने महाशीर हा त्यांच्या देशच्या सामन माशापेक्षा जास्त झुंज देतो, असे त्यांचे मत होते. ते वाचून बरेच इंग्रज अधिकारी रजेत नदीकडे वळले. स्कॉटलंडच्या नद्यांवर पाहुण्याला डोह दाखवणारा, मासा लागला की काठावर घ्यायला मदत करणारा पगारी माणूस असतो, त्याला 'गिली' म्हणतात. इथे ते काम आपल्याकडच्या नावाड्यांनी आणि कोळ्यांनी केले. महाशीरचा जो सर्वांत मोठा विक्रम सांगितला जातो तो म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाचा: १९४६ साली काबिनी नदीत धरलेला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा.

याच काळात दुसरी गोष्टही वाढत होती. सुरुंगाची दारू टाकून आणि पाण्यात विष कालवून एका फटक्यात मासे मारायचे. त्यावर बंदी घालणारा मत्स्य कायदा १८९७ साली झाला. बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत. कायदा झाला, पण डोहाकाठी रात्रभर पहारा कोण देणार?

कावेरीचा धडा

या प्रश्नाचे एक उत्तर कावेरीने दिले. स्वातंत्र्यानंतर मोठा महाशीर संपला, असेच सर्वांना वाटत होते. १९७७ मध्ये तीन इंग्रज तरुण त्याच्या शोधात भारतात आले आणि कावेरीत तो अजून आहे हे त्यांनी दाखवले. त्याआधी १९७२ साली दक्षिण भारतातल्या वन्यजीवप्रेमींच्या संस्थेने नदीच्या काही भागाची राखण सुरू केली होती. पुढे कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस संस्थेने भीमेश्वरी, गलिबोरे, दोड्डमकाळी येथे तळ उभारले. देशोदेशीचे मुरलेले गळवाले येऊ लागले.

तिथले वाटाडे आसपासच्या खेड्यांतले. त्यांतले काही जण आधी सुरुंग लावून मासे मारणारे! त्यांनाच पगार देऊन राखणदार केले. हरगोलात पाहुण्याला बसवायचे, नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा गळाला लावायचा, कुठल्या खडकाआड टाकायचा ते सांगायचे. मासा लागला की तोलायचा, फोटो काढायचा आणि जिवंत परत सोडायचा. मारायचा नाही, ही अट. जिवंत मासा पुन्हा पुन्हा रोजगार देतो हे कळल्यावर गावच डोह राखू लागले.

परत सोडला तरी गळ लागतोच, त्या जिवाला त्रास होतोच, हे आमच्या गावच्या माणसाला सांगायला नको. मलाही त्यात पूर्ण समाधान वाटत नाही. अखेर अभयारण्यात गळ टाकणे ही वन्यजीव कायद्याने शिकारच ठरते, म्हणून २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथला हा छंद थांबला. कायद्याचे बरोबर असेल. पण वाटाड्यांचा रोजगार गेला, आणि रात्री नदीवर असणारी माणसेही कमी झाली, ही दुसरी बाजू.

यात आपल्या महाराष्ट्राचाही हात आहे. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी १९७० च्या दशकापासून महाशीरची पिल्ले तयार केली जातात. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचे यात मोठे काम आहे. इथली खुद्री जातीची पिल्ले कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगला होता. पण कावेरीचा जुना कुबडा महाशीर ही निराळीच जात होती. आपली खुद्री तिथे वाढत गेली आणि कुबडा महाशीर मागे पडला. २०१८ साली शास्त्रज्ञांनी 'टोर रेमादेवी' म्हणून त्याची ओळख पक्की केली आणि त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या अगदी काठावर असल्याची नोंद झाली. विक्रमांच्या पुस्तकात शंभर वर्षे गाजलेल्या माशाचे खरे नाव ठरायला २०१८ उजाडावे लागले! नावे नीट न टिपल्याची किंमत ही अशी.

आपली नदी

दूधगंगा सह्याद्रीत उगम पावते. काळम्मावाडीला तिच्यावर सुमारे २५ टीएमसीचे धरण आहे. निपाणी भागातून येणारी वेदगंगा तिला मिळते आणि पुढे ती कृष्णेत जाते. मलिकवाडच्या पुलावर उभे राहिले की एक काठ कर्नाटकात आणि पलीकडचा दत्तवाडचा काठ महाराष्ट्रात. माणसांचे खटले आणि दावे दोन राज्यांचे. माशाला ते ठाऊक नाही. खडशी म्हणजे महाशीर पुराच्या पाण्याबरोबर वरच्या अंगाला खडकाळ पात्रात अंडी घालायला जातो. धरणे आणि बंधारे यांनी ती वाट अडली. मी त्याच खात्याचा माणूस आहे. बंधाऱ्याने ऊस पिकला, घरे उभी राहिली, माझाही संसार चालला, हे नाकारून कसे चालेल? पण फळ्या घालताना मला मामांची आठवण होते, हेही खरे. उन्हाळ्यात पाणी काळे पडून मासे उलटे तरंगतात तेव्हा तर फार होते. आता जाळ्यात जास्त करून चिलापी सापडते. ती परदेशी, तिला कोणी जुने नाव सांगू शकत नाही.

न मारताही डोह राखता येतो, हे आपल्या लोकांना पूर्वीपासून माहीत आहे. महाडजवळचे वाळणकोंड घ्या, किंवा तुंगेवरचे शृंगेरी घ्या. तिथले मासे देवाचे. लोक त्यांना खायला घालतात, कोणी हात लावत नाही. भोईमामासुद्धा डोहातल्या एका कपारीजवळ गळ टाकू देत नसत. "त्यो देवाचा हाय," एवढेच म्हणत. साहेब कितीही मोठा असो.

नोकरीला लागल्यावर एका दिवाळीला मी मामांकडे वही घेऊन बसलो होतो. त्यांनी माशांची तेवीस नावे सांगितली. काही मराठी, काही कन्नड, काही दोन्हींच्या मधली. मी अकरा लिहिली आणि लाईट गेली म्हणून उठलो. "बाकीची उद्या सांगतो," मामा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मला ड्युटीवर जावे लागले. पुढच्या सुट्टीला आलो तेव्हा मामा नव्हते. बारा नावे त्यांच्याबरोबर गेली. वहीतल्या अकरा नावांपैकी चार मला नंतर साइक्सच्या यादीत सापडली, तेव्हा डोळ्यांत पाणी आले.

वाचकहो, यंदा विसर्जनाला नदीवर जाल तेव्हा काठावर एखादा म्हातारा भोई, कोळी किंवा अंबिगेर दिसेल. मूर्ती पाण्यात नेणारा बहुधा तोच असतो. त्याच्याजवळ दहा मिनिटे बसा आणि या पाण्यात काय काय होते ते विचारा. सांगेल ते लिहून घ्या, आणि त्याखाली त्याचे नावही लिहा.