तर्षण
विरल विद्रावाकडून संहत विद्रावाकडे, पाण्याला वाट देणाऱ्या पण विद्रुताला अडविणाऱ्या पटलातून, पेशीची ऊर्जा खर्च न होता होणारे पाण्याचे वहन म्हणजे तर्षण (परासरण) होय. मीठ चोळलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते ते यामुळेच. उलट तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात ठेवल्यास पाणी आत शिरून ती फुगते व फुटते, म्हणून शिरेवाटे द्यावयाच्या सामान्य सलाइनमध्ये मिठाचे प्रमाण ०.९% राखतात. वनस्पतिपेशी मात्र भित्तिकेमुळे फुटत नाही, केवळ ताठर होते. मेदयुक्त पटलातून पाणी इतक्या वेगाने कसे जाते, हे कोडे दीर्घकाळ सुटले नव्हते. पीटर अ‍ॅग्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अ‍ॅक्वापोरिन या जलवाही प्रथिनाचे कार्य सिद्ध केले आणि अ‍ॅग्री यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.