उमेदवारी: इंटर्नशिपचा जुना हिशेब

फेब्रुवारी लागला की आमच्या महाविद्यालयात एक ठरलेला प्रश्न फिरू लागतो: "सर, इंटर्नशिप आत्ता करू की पुढच्या वर्षी?" नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमातच इंटर्नशिपला क्रेडिट मिळू लागले, तेव्हापासून हा प्रश्न वाणिज्य आणि अभियांत्रिकीच्या मुलांपुरता उरलेला नाही. माझ्या इतिहासाच्या वर्गातली मुलेही तो विचारतात. त्यांना सल्ले भरपूर मिळतात. लवकर करा, मोठ्या ठिकाणी करा, पैशांकडे बघू नका. हा शेवटचा सल्ला ऐकला की मी जरा थबकतो. कारण काम करता करता काम शिकण्याची रीत काही शतके जुनी आहे आणि 'पैशांकडे बघू नका' हा उपदेशही जवळपास तितकाच जुना आहे. तो मानून पुढे कोणाचे काय झाले, हे इतिहासात पाहता येते.

इंटर्नशिपला मराठीत आयता शब्द आहे: उमेदवारी. आज तो ऐकला की निवडणूक, अर्ज आणि अनामत रक्कम आठवते. पण 'मी अमक्या वकिलांकडे तीन वर्षं उमेदवारी केली' असे म्हणणारी माणसे अजून भेटतात. 'उमेद' म्हणजे आशा, शब्द फारसीतून आलेला. उमेदवार म्हणजे आशेवर असलेला माणूस. एकोणिसाव्या शतकात मामलेदार आणि कलेक्टर यांच्या कचेऱ्यांत असे उमेदवार असत. त्यांना पगार नसे. ते अर्ज नकलून देत, मोडीतली दप्तरे लावत, जमाबंदीचे आकडे जुळवत, आणि एखादी कारकुनाची जागा रिकामी होण्याची वाट बघत.

आमच्या घरात पणजोबांच्या उमेदवारीची गोष्ट सांगितली जाते. तालुक्याच्या कचेरीत अडीच वर्षे ते बिनपगारी राबले आणि मग कायम झाले. गोष्ट नेहमी त्यांच्या चिकाटीचा दाखला म्हणून सांगितली जाते. ती खरीही आहे. पण त्या अडीच वर्षांत घरी भाकरी कुठून येत होती, हा प्रश्न मी आजीला एकदा विचारला. ती सहज म्हणाली, "शेत होतं की. आणि मामा त्याच कचेरीत शिरस्तेदार होते." म्हणजे चिकाटी दाखवायची सोय होती. ज्याच्याकडे शेत नव्हते आणि मामाही नव्हता, त्याला त्या कचेरीच्या ओसरीवर बसायलाच जागा मिळाली नसती. सरकारी नोकरी ठरावीक जातींच्या आणि घराण्यांच्या हाती कशी राहिली, याच्या अनेक कारणांतले हे एक साधे कारण आहे: पहिल्या पायरीवर पगार नव्हता.

या व्यवस्थेत आणखी एक उणीव होती. उमेदवाराला शिकवण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. तो बघून शिकला तर शिकला. इंग्लंडमधल्या शिकाऊ कारागिरांची गोष्ट इथे वेगळी पडते. १५६३च्या कायद्याने तिथे अनेक धंद्यांसाठी सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. मुलगा उस्तादाच्या घरी राहायचा, त्याचे ऐकायचा. पण दोघांत लेखी करार असे आणि त्यात उस्तादही बांधला जाई: मुलाला अन्न, निवारा आणि धंद्याचे पूर्ण ज्ञान द्यायचे. मायकेल फॅरडे १८०५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, लंडनच्या एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे असाच सात वर्षांसाठी राहिला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचत विज्ञानाकडे वळला.

अर्थात सगळेच फॅरडे नव्हते. ॲडम स्मिथने १७७६ साली या सात वर्षांवर कडक टीका केली. त्याचे म्हणणे असे की बहुतेक धंदे शिकायला इतका काळ लागतच नाही. घड्याळ बनवण्यासारखे नाजूक कामसुद्धा काही आठवड्यांत समजावून देता येते, पुढे लागतो तो सराव. कामाचा मोबदला मिळत नसेल तर मुलगा आळशी होणारच. त्याऐवजी त्याला पहिल्या दिवसापासून थोड्या कामाची थोडी मजुरी द्यावी आणि बिघडवलेल्या मालाचे पैसे त्याच्याकडून घ्यावेत. सक्तीची ती कलमे १८१४ साली रद्द झाली. स्मिथची सूचना मात्र आजही कामाची आहे. ज्याच्या कामाला किंमत दिली जाते, त्याच्या चुकीकडेही कोणीतरी लक्ष देतो. फुकट काम करणाऱ्याच्या चुका कोणी दाखवत नाही, कारण त्यांनी कोणाचे काही बिघडत नसते.

'इंटर्न' हा शब्द मात्र कारखान्यातून किंवा कचेरीतून आलेला नाही. तो रुग्णालयातून आला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पॅरिसमध्ये वैद्यकीचे शिक्षण ग्रंथांकडून रोग्याच्या खाटेकडे वळले. १८०२ साली तिथल्या रुग्णालयांनी विद्यार्थ्यांसाठी दोन पायऱ्या ठरवल्या. 'एक्स्टर्न' बाहेरून येई, मलमपट्ट्या करी, नोंदी ठेवी. त्यानंतर स्पर्धा परीक्षा देऊन मोजके विद्यार्थी 'इंटर्न' होत, म्हणजे आत राहणारे. रात्री तातडीचा रोगी आला तर धावायचे ते त्यांनीच. सकाळी वरिष्ठ डॉक्टरांच्या फेरीत त्याचा वृत्तान्त सांगायचा तोही त्यांनीच. मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. आत जाण्याची वाट वशिल्याची नव्हती, निदान नियमाने तरी परीक्षेची होती. आणि रात्री घेतलेल्या निर्णयाची सकाळी जाणत्या माणसासमोर उलटतपासणी होत असे. काम आणि उलटतपासणी यांच्यात एका रात्रीचे अंतर. आपल्याकडच्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला शेवटच्या परीक्षेनंतर वर्षभर जी इंटर्नशिप करावी लागते, तिचे नाव याच परंपरेतले आहे.

मग ही गोष्ट केव्हा करावी? शिक्षण संपल्यावर की मध्येच? या प्रश्नाला सर्वांत रोखठोक उत्तर दिले ते हर्मन श्नायडर या अमेरिकन प्राध्यापकाने. शिक्षण घेताना कुठेतरी नोकरी करावी लागलेले विद्यार्थी पुढे चांगले अभियंते होतात, हे त्याने हेरले होते. १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात त्याला एका वर्षाच्या बोलीवर प्रयोग करायला परवानगी मिळाली. विद्यार्थी होते २७. त्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतला एक आठवडाभर वर्गात, दुसरा आठवडाभर शहरातल्या कारखान्यात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. त्यामुळे कारखान्याचे यंत्र रिकामे राहत नसे आणि विद्यार्थ्याला मजुरी मिळे. सोमवारी वर्गात येणाऱ्या मुलाच्या डोक्यात कारखान्यात अडलेला प्रश्न ताजा असे. प्रश्न सुटला तर पुढच्या आठवड्यात तो तपासायला जागाही असे. अमेरिकेतले 'को-ऑप' शिक्षण इथून सुरू झाले.

आपल्याकडे या आठवड्याआड व्यवस्थेच्या बरोबर उलट टोकाचे, पण तितकेच फलदायी ठरलेले उदाहरण कोल्हापुरात आहे. बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. चलच्चित्राचा कॅमेरा त्यांनी स्वतः खपून तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. 'सैरंध्री' १९२०मध्ये पडद्यावर आला. तिथे अभ्यासक्रम नव्हता, कारण सिनेमा शिकवणारी शाळाच देशात नव्हती. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर तिथेच घडले. शांताराम वणकुद्रे हा विशीच्या उंबरठ्यावरचा मुलगाही तिथे आला. त्याआधी त्याने हुबळीच्या रेल्वे कारखान्यात आणि सिनेमागृहात कामे केली होती. कंपनीत पडेल ते काम करायचे: झाडलोट, रंग, सुतारकाम, रसायनशाळा, गरज पडली तर अंगावर पोशाख चढवून कॅमेऱ्यासमोर. 'सुरेखाहरण'मध्ये शांतारामने भूमिका केली. १९२९ साली या मंडळींनी सीताराम कुलकर्णींना बरोबर घेऊन 'प्रभात' काढली, १९३३मध्ये ती पुण्याला आली, आणि १९३६ साली दामले-फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' केला.

ही कहाणी आज इंटर्नशिपच्या भाषणांत सांगितली जाते, ती 'बघा, झाडलोटीपासून सुरुवात केली' या वळणाने. मला वाटते, झाडलोट हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. कंपनी लहान होती, त्यामुळे झाडणारा मुलगा आणि कॅमेऱ्यामागचा उस्ताद यांच्यात भिंत नव्हती. चित्र काढण्यापासून फिल्म धुण्यापर्यंत सगळे त्याच्या डोळ्यांसमोर घडत होते. उस्तादही त्याच दिवसांत शिकत होता. मोठ्या नावाच्या कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर दोन महिने तक्ते भरणाऱ्या मुलीला ही संधी मिळत नाही. अशी एक विद्यार्थिनी गेल्या वर्षी मला भेटली होती. तिने मुंबईत कॉट बेसिसवर राहून, घरून पैसे मागवून, एका संस्थेत बिनपगारी इंटर्नशिप केली. दोन महिन्यांत तिच्या कामावर कोणी एक ओळही अभिप्राय दिला नाही. शेवटी प्रमाणपत्राचा मजकूर तिलाच लिहायला सांगितला. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. त्या दोन महिन्यांचा खर्च म्हणजे त्या घराने संस्थेला दिलेली देणगीच होती.

पुढे 'प्रभात'मध्येही उमेदवारांची एक पिढी घडली. चाळीसच्या दशकात गुरुदत्त तिथे नृत्यदिग्दर्शक आणि साहाय्यक म्हणून होता, देव आनंदचा पहिला चित्रपट 'हम एक हैं' तिथलाच. कंपनी बंद पडली आणि १९६० साली त्याच जागेत सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. आता आत येण्यासाठी सीताराम कुलकर्णींची किंवा बाबूराव पेंटरांची ओळख लागत नव्हती, प्रवेशपरीक्षा होती.

पुढच्याच वर्षी, १९६१मध्ये, भारताचा शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. शिकाऊ उमेदवाराशी करार करा, तो नोंदवा, त्याला प्रशिक्षण द्या, विद्यावेतन द्या, असे तो मालकाला सांगतो. त्याचबरोबर शिकाऊ हा कामगार नाही, असेही सांगतो. हे दुसरे वाक्य सोयीचे ठरले. स्वस्तात माणसे वापरून सोडून देण्याची वाट त्यातून निघते, अशी तक्रार पुढे वारंवार झाली. चार्टर्ड अकाउंटंटची 'आर्टिकलशिप' ही या बाबतीत अधिक घट्ट बांधलेली आहे. नावातला 'आर्टिकल' म्हणजे कराराचे कलम. ती इंटरमीजिएट परीक्षेनंतर आणि अंतिम परीक्षेच्या आधी येते, संस्थेकडे नोंदवली जाते, किमान विद्यावेतन ठरलेले असते. तिथेही पिळवणूक होते, पण झाली तर बोट ठेवायला कागद असतो.

हे सगळे समोर मांडल्यावर माझ्या विद्यार्थ्यांना मी काय सांगतो? केव्हा, याचे उत्तर: प्रश्न विचारण्याइतके समजू लागल्यावर, आणि वर्गात परत येण्यासाठी निदान एक सत्र हातात असताना. पहिल्याच वर्षी गेलात तर काय बघायचे हे कळत नाही. शेवटच्या सत्रानंतर गेलात तर तिथे पडलेले प्रश्न घेऊन परतायला वर्ग उरत नाही आणि नोकरीच्या आशेपायी तुम्ही काहीही मान्य करता. म्हणजे कचेरीच्या ओसरीवरचे उमेदवार होता. दुसऱ्या वर्षानंतरची सुट्टी मला बहुतेकांसाठी योग्य वाटते. डॉक्टरकीसारख्या क्षेत्रात, जिथे अर्धवट ज्ञान दुसऱ्याच्या जिवावर बेतेल, तिथे थांबावेच लागते.

आणि कशासाठी? पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे खरेच आहे. दस्तऐवज कसा हाताळायचा, अभिलेखागारातल्या कर्मचाऱ्याशी कसे बोलायचे, मुदत चुकली तर कोणाला आधी सांगायचे, हे मी फळ्यावर शिकवू शकत नाही. हे काम आपल्याला मुळीच आवडत नाही, हे विसाव्या वर्षी कळणे हासुद्धा मोठा फायदा आहे.

फक्त जाण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या, असे मी म्हणतो. माझे काम कोण तपासणार, त्या माणसाचे नाव काय? मला मोबदला किती, आणि नसेल तर माझा खर्च कोण करतो आहे? मी काय शिकणार हे कुठे लिहिले आहे? पहिल्या प्रश्नाला नाव मिळाले नाही, तर संस्था कितीही मोठी असो, जाऊ नका. या तिसऱ्या प्रश्नासाठी आमच्या विभागाने यंदापासून एक पानी कागद केला आहे. विद्यार्थ्याने आणि संस्थेतल्या मार्गदर्शकाने त्यावर सुरुवातीलाच सही करायची. दोन संस्थांनी सही करायला नकार दिला. तिथे आम्ही या वर्षी मुले पाठवलेली नाहीत.