लिंगपर्वताचे पाथरवट

लाओस देशात मेकाँग नदीच्या पश्चिमेस, चंपासकजवळ फू काओ नावाचा डोंगर आहे. त्याचे शिखर शिवलिंगासारखे दिसते, म्हणून प्राचीन काळी त्याला लिंगपर्वत म्हणत. त्याच्या उतारावर वाट फू हे शिवाचे देऊळ उभे आहे. आजची वास्तू मुख्यतः ११ व्या ते १३ व्या शतकांतील; स्थानमाहात्म्य मात्र फार जुने. जवळच्या जुन्या नगरात सापडलेल्या पाचव्या शतकातील संस्कृत शिलालेखात देवानीक राजाने येथील तीर्थाला कुरुक्षेत्र असे नाव दिले आहे.

राजाचे नाव शिळेवर राहिले. दगड वाहणाऱ्यांचे कोठे आहे? आयुष्य मजुरांत गेलेल्या माझ्यासारख्याला हाच प्रश्न आधी सुचतो. उत्तर देवळामागच्या कड्यापाशी मिळते. तेथला झरा दगडी पन्हळीने गाभाऱ्यात आणून लिंगावर अखंड अभिषेक चालविला होता. पन्हळीला ढाळ किती द्यावा, हे पाथरवटाच्या हातालाच ठाऊक.

पुढे देऊळ बौद्धांचे झाले, २००१ साली जागतिक वारशात गणले गेले. यात्रेकरू आजही त्या झऱ्याचे पाणी मस्तकी लावतात. इतिहास वाचताना राजाबरोबर त्या निनावी हातांचीही आठवण ठेवू या.