भिंगामागचे करिअर: लेन्स डिझाइन आणि ऑप्टिकल इंजिनिअरिंगची ओळख, पाबळच्या वाटेने

दहावीचा निकाल लागला की घराघरात त्याच चार-पाच शाखांची चर्चा सुरू होते. डॉक्टर, कॉम्प्युटर, मेकॅनिकल, सिव्हिल, नाहीतर स्पर्धा परीक्षा. ज्या क्षेत्राबद्दल घरात, शाळेत किंवा गावात कोणी बोलत नाही, तिकडे आपली मुले फिरकत नाहीत. म्हणून या लेखात आम्ही अशाच एका क्षेत्राची माहिती देत आहोत: लेन्स डिझाइन आणि ऑप्टिकल इंजिनिअरिंग. मोबाइलचा कॅमेरा, गाडीचा हेडलाइट, मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवायचे भिंग, रुग्णालयातली दुर्बीण, सैनिकाचे रात्री पाहण्याचे उपकरण आणि सूर्याकडे रोखलेला उपग्रह या सगळ्यांमागे हेच शास्त्र आहे.

सुरुवात शिरूर तालुक्यातल्या पाबळपासून करण्याला कारण आहे.

पाबळचा धडा

राजगुरुनगर-शिरूर रस्त्यावरचे पाबळ अनेकांना मस्तानीच्या समाधीमुळे माहीत आहे. शिक्षणाच्या क्षेत्रात मात्र ते विज्ञान आश्रमामुळे ओळखले जाते. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत पीएच.डी. केलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून ते १९८३ मध्ये पाबळला आले आणि तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता माणूस उत्तम शिकतो, हा त्यांचा आग्रह होता. आश्रमाच्या एक वर्षाच्या निवासी ग्रामीण तंत्रज्ञान पदविकेत मुले वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, आरोग्य असे सगळे प्रत्यक्ष करून शिकतात. शाळेत मागे पडलेल्या मुलांनाही इथे दार बंद नव्हते. २००२ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने इथे फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते.

आता याचा भिंगाशी संबंध पाहा. फॅब लॅबमध्ये प्लायवूड आणि ॲक्रिलिक कापायला लेझर कटर वापरतात. कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा असतो. साधी काच या किरणाला पारदर्शक नसते. ती त्याला शोषून घेते आणि तापते. म्हणून या यंत्रातले भिंग काचेचे नसून झिंक सेलेनाइड नावाच्या पिवळसर पदार्थाचे असते. कोणत्या प्रकाशासाठी कोणता पदार्थ, किती वक्रता, किती जाडी आणि किती खर्च, हे ठरवणारा माणूस म्हणजे ऑप्टिकल इंजिनिअर.

आधी एक गैरसमज दूर करू

चष्म्याचा नंबर काढतो तो ऑप्टोमेट्रिस्ट. त्याचे शिक्षण वेगळे, ते आरोग्यसेवेचे क्षेत्र आहे. चष्मा तयार करून देणारा दुकानदार ऑप्टिशियन. ऑप्टिकल इंजिनिअर हा भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकी यांच्या सीमेवर काम करतो. पालक अनेकदा या तिघांची गल्लत करतात आणि चुकीच्या अभ्यासक्रमाची चौकशी करून परततात.

लेन्स डिझायनर नेमके काय करतो?

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या पहिल्या भागात ‘प्रकाशाचे अपवर्तन’ आणि ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ असे दोन पाठ आहेत. पुढचे सगळे काम या दोन पाठांवर उभे आहे.

पुस्तकातले भिंग सर्व किरण एकाच नाभीत आणते. खरे भिंग तसे करत नाही. कडेचे किरण मधल्या किरणांपेक्षा जवळ एकत्र येतात, याला गोलीय विपथन म्हणतात. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वाकतो, म्हणून प्रतिमेच्या कडेला रंगाची झालर दिसते. हे रंगीय विपथन. याशिवाय प्रतिमा कोपऱ्यात फराटते, सरळ रेषा वाकड्या दिसतात, सपाट वस्तूची प्रतिमा वक्र पृष्ठावर पडते. हे सगळे दोष एकाच वेळी शून्य करता येत नाहीत. एक कमी केला की दुसरा डोके वर काढतो. या दोषांत तडजोड साधणे म्हणजे लेन्स डिझाइन.

एक उदाहरण घेऊ. आपल्याला १०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग हवे आहे आणि रंगाची झालर नको आहे. एका काचेने हे साधत नाही. म्हणून दोन काचा चिकटवतात: बीके-७ नावाची क्राउन काच आणि एफ-२ नावाची फ्लिंट काच. काच रंग किती कमी पसरवते हे ॲबे अंकाने सांगतात. पहिल्या काचेचा अंक सुमारे ६४.२ आणि दुसरीचा ३६.४ आहे. दोन्हींतला फरक २७.८. पहिल्या भिंगाची शक्ती एकूण शक्तीच्या ६४.२ भागिले २७.८, म्हणजे २.३१ पट ठेवायची. दुसऱ्याची ३६.४ भागिले २७.८, म्हणजे १.३१ पट, पण ऋण. म्हणजे पहिले भिंग सुमारे ४३.३ मिलिमीटर नाभीय अंतराचे बहिर्वक्र आणि दुसरे सुमारे ७६.४ मिलिमीटरचे अंतर्वक्र. २.३१ मधून १.३१ वजा केले की बरोबर १ उरतो, म्हणजे एकूण शक्ती हवी तेवढीच राहते आणि तांबडा व निळा एकाच ठिकाणी येतात. दहावीची बेरीज-वजाबाकी येणाऱ्याला हे गणित करता येते.

प्रत्यक्ष कॅमेऱ्यात अशी पाच, सात, कधी पंधरा भिंगे असतात. १८४० मध्ये जोसेफ पेट्झवालने छायाचित्रणाचे भिंग आखले, तेव्हा आकडेमोडीसाठी त्याला तोफखान्याचे गणित जाणणारे सैनिक मदतीला घ्यावे लागले होते. आज ते काम झीमॅक्स किंवा कोड-व्ही यांसारखी सॉफ्टवेअर करतात. तरी सुरुवातीचा आराखडा निवडणे, कोणता दोष सहन करायचा हे ठरवणे आणि आखलेले भिंग कारखान्यात खरोखर घडेल का हे तपासणे ही कामे माणसाचीच आहेत. कागदावर उत्तम असलेले भिंग जर केसाएवढ्या चुकीने बिघडत असेल, तर ते डिझाइन वाईट.

हाताच्या कामाची किंमत

या क्षेत्रात केवळ डोके चालवून भागत नाही. सहा इंची दुर्बिणीचा आरसा घडवताना दोन जाड काचा एकमेकींवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून घासतात. १२०० मिलिमीटर नाभीय अंतरासाठी मध्यभागी खोली येते जेमतेम १.२ मिलिमीटर. पण शेवटी पृष्ठभागातली चूक साधारण ७० नॅनोमीटरच्या आत, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी ठेवावी लागते. शेवटचे पॉलिश सेरियम ऑक्साइडने होते. तपासणीसाठी लेआँ फूकोने १८५८ मध्ये सांगितलेली पद्धत आजही चालते, आणि तिला एक दिवा आणि एक पाते पुरते.

इतिहासही हेच सांगतो. सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणारा लेव्हनहूक हा कापडाचा व्यापारी होता. त्याने विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते, भिंगे मात्र स्वतःच्या हाताने घडवली. तत्त्वज्ञ स्पिनोझा भिंगे घासून पोट भरत असे. ज्या समाजांच्या पिढ्यान्पिढ्या हातांनी कष्ट करण्यात गेल्या, त्यांच्या मुलांना ‘हाताचे काम कमी दर्जाचे’ असे आपल्याकडे शिकवले जाते. प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र स्थिर हात आणि धीर असलेल्या माणसाला मान असतो.

काम कुठे आहे?

*वाहनांचे दिवे.* पाबळहून सर्वांत जवळचे काम हेच. चाकण औद्योगिक पट्ट्यात वाहनउद्योग आणि लुमॅक्ससारखे दिवे बनवणारे कारखाने आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजमधून वाढलेली व्हॅरॉक याच व्यवसायात आहे. रस्ता उजळला पाहिजे, पण समोरच्याच्या डोळ्यात प्रकाश जाता कामा नये. हेडलाइटची ती कडक वरची रेषा ऑप्टिकल डिझाइनमधूनच येते.

*संरक्षण.* पुण्यात भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना आहे, आणि तिचीच उपकंपनी रात्री पाहण्याच्या उपकरणांतल्या प्रतिमावर्धक नळ्या पुण्यात बनवते. डीआरडीओची या विषयाची मुख्य प्रयोगशाळा डेहराडूनला आहे. तिथलेच जुने ऑर्डनन्स कारखाने २०२१ पासून इंडिया ऑप्टेल या सरकारी कंपनीत आहेत. या कारखान्यांच्या कामगार भरतीत ‘ऑप्टिकल वर्कर’ असा ट्रेडही असतो.

*खगोलशास्त्र आणि अवकाश.* पुण्याला याची जुनी परंपरा आहे. कावसजी नायगमवाला यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा चालवली. तिथली २० इंची दुर्बीण वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाल्यावर कोडाईकनालला गेली. आज पुण्यातली आयुका ही संस्था जुन्नरच्या दिशेला गिरवली येथे २००६ पासून २ मीटरची दुर्बीण चालवते. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य-एल१ यानावरची सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी ‘सूट’ ही दुर्बीण आयुकाच्या नेतृत्वाखाली तयार झाली. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहत आहे. केंद्राने २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि प्रत्येकी ४० किलोचे आरसे असलेली ही वेधशाळा मराठवाड्यात येत आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

*आरोग्य.* डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया हॅरल्ड रिडले यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये केली. ही भिंगे भारतात दीर्घकाळ आयात होत आणि गरिबाला परवडत नसत. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून ती इथेच बनवायला घेतली. खेड्यातल्या आजीला मोतीबिंदूनंतर पुन्हा दिसू लागते, त्यात असा एक कारखानाही असतो.

शिक्षणाच्या वाटा

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी: अकरावीला विज्ञान शाखा घेताना गणित सोडू नका. मार्क कमी पडतील या भीतीने अनेक मुले, विशेषतः मुली, गणिताऐवजी दुसरा विषय घेतात. त्या एका निर्णयाने ही वाट जवळपास बंद होते.

पहिली वाट विज्ञानाची: बी.एस्सी. आणि एम.एस्सी. भौतिकशास्त्र, मग एम.टेक. आयआयटी दिल्लीत अप्लाइड ऑप्टिक्सचा एम.टेक. आहे. तिरुवनंतपुरमच्या अवकाश विज्ञान संस्थेत ऑप्टिकल इंजिनिअरिंग आहे. कोचीन विद्यापीठातही लेझर आणि ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. कोलकाता विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जॅम आणि एम.टेक.साठी गेट परीक्षा द्यावी लागते. गेटवरून पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश मिळालेल्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते.

दुसरी वाट अभियांत्रिकीची: मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन करून पुढे ऑप्टिक्सकडे वळता येते. भिंग धरणारी चौकट तापमान बदलले तरी हलू नये, हे काम मेकॅनिकलवाल्याचेच आहे.

तिसरी वाट पदविका आणि आयटीआयची: भिंग घासणे, कोटिंग, जोडणी, तपासणी यांसाठी कुशल तंत्रज्ञ लागतात. इथे पगार आणि बढती डिझायनरइतकी नसते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

खर्च आणि कागदपत्रे

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाडीबीटी पोर्टलवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. पीएच.डी.साठी बार्टीची फेलोशिप, तर परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षाची जाहिरात मुळातून वाचावी. आयआयटीसारख्या संस्थांसाठी जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा तो बारावीतच काढून ठेवा.

खरे चित्र

आम्ही हे क्षेत्र सोपे म्हणून विकत नाही. कॉम्प्युटरइतक्या जागा यात नाहीत. चांगल्या कामासाठी बहुधा एम.टेक. किंवा पीएच.डी. लागते, म्हणजे कमाई सुरू व्हायला दोन-चार वर्षे जास्त. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा हिशेब आधीच मांडावा. बी.एस्सी. भौतिकशास्त्र केलेल्या विद्यार्थ्याला शिक्षक भरती, इतर एम.एस्सी. आणि स्पर्धा परीक्षांचे दरवाजे उघडे राहतात, ही त्यातली जमेची बाजू. दुसरी बाजू अशी की गर्दी कमी असलेल्या क्षेत्रात काम येणाऱ्या माणसाची ओळख लवकर होते.

आजपासून काय करता येईल?

आठवी-नववीच्या मुलाने वाचनाचे भिंग घेऊन खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा भिंतीवर पाडावी आणि भिंतीपासून भिंगाचे अंतर मोजावे. ते जवळजवळ नाभीय अंतर असते. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून कांद्याची पापुद्री पाहावी. अकरावी-बारावीच्या मुलांनी पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा आयुकाचे विद्यार्थ्यांसाठीचे कार्यक्रम यांची चौकशी करावी. १९४४ मध्ये स्थापन झालेली ही परिसंस्था देशातली सर्वांत जुनी हौशी खगोल संस्था आहे. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी पायथन शिकून रे-ऑप्टिक्स किंवा ऑप्टिलँड ही मोफत साधने वापरावीत आणि वरचे दोन काचांचे उदाहरण स्वतः करून पाहावे.

शिक्षकांना आमची एक विनंती आहे. दहावीचे भिंगाचे पाठ केवळ किरणाकृती घोकून संपवू नका. एक भिंग, एक मेणबत्ती आणि एक पांढरा कागद वर्गात आणा. पन्नास मुलांपैकी एखाद्या मुलीला जरी त्या कागदावरची उलटी ज्योत पाहून ‘असे का?’ असा प्रश्न पडला, तरी पाठ शिकवून झाला म्हणायचा.