खर्जाचे स्थान : बास गिटारच्या श्रव्यतेचा इतिहास

वाद्यवृंदात सर्वांत खालचा स्वर सांभाळणाऱ्या वाद्याची स्थिती काहीशी विलक्षण असते. वरची सारी रचना त्याच्या आधाराने उभी असते. श्रोत्याचे लक्ष मात्र गायकाकडे आणि वरच्या सुरांकडे लागलेले असते. तो आधार निघून गेला की पोकळी जाणवते, परंतु नेमके काय गेले हे पुष्कळांना सांगता येत नाही. इलेक्ट्रिक बास गिटार या वाद्याचा इतिहास म्हणजे ही अवस्था पालटण्याचा एका शतकातील प्रयत्न होय. वरवर पाहता तो आवाज वाढवणाऱ्या यंत्रांचा इतिहास वाटतो. बारकाईने पाहिल्यास तो जागेच्या वाटपाचा इतिहास ठरतो.

१९३०च्या दशकातील अमेरिकन नृत्यवृंदांत ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि ड्रम यांच्या गदारोळात डबल बास हे माणसाहून उंच लाकडी वाद्य जवळजवळ बुडून जात असे. ते वाहून नेणे हेही एक संकटच होते. सिएटलमधील पॉल टुटमार्क यांनी १९३६च्या सुमारास आडवे धरून वाजवण्याचे, पडदे असलेले विद्युत्-बास तयार केले. पण त्याचा प्रसार झाला नाही. ते यश १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांना मिळाले. त्यांच्या वाद्यावर पडद्यांमुळे स्वर अचूक लागे, म्हणून त्याचे नाव ‘प्रिसिजन बास’. मात्र या सोयीची एक किंमत होती. डबल बासची पोकळ लाकडी पेटी स्वतः घुमत असे. नव्या वाद्याचा भरीव देह स्वतःपुरता जवळजवळ मुकाच होता. त्याचा सारा आवाज आता ध्वनिवर्धकावर अवलंबून राहिला.

फेंडर यांनी १९५२ मध्ये ‘बासमन’ हा ध्वनिवर्धक याच वाद्यासाठी बाजारात आणला. पुढे जे घडले त्यातील उपरोध ध्यानात घेण्यासारखा आहे. बासमनचा आवाज गिटारवादकांनाच अधिक आवडला. १९६०च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात त्याच्याच धर्तीवर गिटारचे ध्वनिवर्धक बनू लागले, आणि काही वर्षांतच त्यांचे शंभर वॅटचे वंशज रंगमंचावर भिंतीसारखे उभे राहिले. खर्ज ऐकू यावा म्हणून निर्माण झालेल्या यंत्राच्या वंशजांनीच खर्ज झाकून टाकला. याला उत्तर म्हणून अमेरिकेतील अँपेग कंपनीने १९६९ मध्ये ३०० वॅटचा ‘एसव्हीटी’ काढला. परंतु शक्ती दसपट केली तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. ही स्पर्धा केवळ शक्तीच्या बळावर जिंकता येण्यासारखी नव्हती.

याचे मूळ मानवी कानाच्या रचनेत आहे. चार तारांच्या बासची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने निर्माण करते. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की इतक्या खालच्या स्वरांना आपला कान मध्यम स्वरांच्या मानाने फार मंद असतो. खर्जाची ओळख आपल्याला पुष्कळदा त्याच्या उपस्वरांवरूनच पटते. मूलस्वर क्षीण असला, किंबहुना मुळीच नसला, तरी उपस्वरांच्या रांगेवरून मन तो भरून काढते. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवणारा वादक हेच करत असतो : खर्जाची तार अधिक जोराने न छेडता तो तिचे उपस्वर खुलवतो. म्हणूनच एकांतात बासचा खालचा पट्टा वाढवून मिळवलेला भरदार आवाज वृंदात फसतो. तेथे पायाने वाजणारा मोठा ड्रम आणि गिटारचे खालचे स्वर तोच पट्टा व्यापून बसलेले असतात. अशा वेळी सातशे ते हजार कंपनांच्या आसपासचा पट्टा थोडा उचलला आणि गिटारचा तळ थोडा छाटला, की आवाज न वाढवताही बास स्पष्ट होतो.

हे शास्त्र पुस्तकातून शिकण्याआधीच अनेकांनी कानाने ओळखले होते. ‘द हू’ या वृंदाचे जॉन एन्टविसल यांच्यासाठी १९६६ मध्ये रोटोसाउंड कंपनीने गोल वेटोळ्याच्या पोलादी तारा बनवल्या. त्यांत उपस्वरांची चमक होती. त्याच वर्षी लंडनमधील ईएमआयच्या ध्वनिमुद्रणगृहात ‘पेपरबॅक रायटर’ या बीटल्सच्या गीतासाठी जेफ एमरिक यांनी एका ध्वनिक्षेपकालाच मायक्रोफोनसारखे बासपुढे उभे केले. खर्ज फार वाढला तर तबकडीवरची सुई उडेल, ही तोवरची धास्ती होती. पुढच्याच वर्षी पॉल मॅकार्टनी अनेक गीतांत बास शेवटी मुद्रित करू लागले. आधी बाकीचे वादन ऐकायचे, मग रिकामी जागा शोधायची. जमैकातील किंगस्टन येथे किंग टबी यांनी १९७०च्या दशकात याचेच टोक गाठले. मुद्रित गीतातून त्यांनी गायन आणि गिटार मधूनमधून काढून टाकले, आणि उरलेल्या अवकाशात बास आपोआप नायक झाला.

तथापि श्रव्यतेचा एक प्रश्न यंत्रांनी सुटणारा नव्हता. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या अगणित गीतांत जेम्स जेमरसन यांचा बास ऐकू येतो. ते तर्जनीच्या एकाच बोटाने छेडत, तारा क्वचितच बदलत. तंत्रज्ञ त्यांचे वाद्य थेट ध्वनिमिश्रणाच्या फलकाला जोडत. जगभर लोक त्या चालींवर नाचले, पण वेष्टनावर वादकांची नावे छापण्याची प्रथाच नव्हती. मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या वेष्टनावर १९७१ मध्ये जेमरसन यांचे नाव आले, तेव्हा त्यांच्या वादनाला दशकाहून अधिक काळ लोटला होता. १९८३ मध्ये ते वारले. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने त्यांची दखल घेतली ती २००० साली.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातही, ज्यात गोव्याहून आलेल्या वादकांचा वाटा फार मोठा आहे, हीच रीत होती. राहुलदेव बर्मन यांच्या वृंदात टोनी वाझ यांचा बास असे. तबकडीवर मात्र सामान्यतः संगीतकार, गीतकार आणि गायक एवढीच नावे येत. ती गीते मुखोद्गत असलेल्या रसिकालाही त्यांतील बास कोणाचा, हे सहसा माहीत नसते. ध्वनिमिश्रणाच्या फलकावर खर्जाला जागा देण्याचे तंत्र ध्वनिमुद्रकांना १९६०च्या दशकातच साधले होते. तीच जागा वेष्टनावर आणि संगीताच्या इतिहासलेखनात देण्याचे काम अद्याप पुष्कळसे बाकी आहे.