लेखणी, चाकरी आणि सभा

मराठी साहित्य संमेलनाची वंशावळ सांगताना १८७८ च्या ग्रंथकार सभेपासून आरंभ करण्याची प्रथा आहे. त्या वर्षी ७ फेब्रुवारीस ‘ज्ञानप्रकाशा’त एक आवाहन प्रसिद्ध झाले आणि त्याला अनुसरून ११ मे रोजी पुण्याच्या हिराबागेत मराठी ग्रंथकार जमले. अध्यक्षस्थानी महादेव गोविंद रानडे होते. इतके आपणा सर्वांस ठाऊक असते. मात्र या हकिगतीतील दोन गोष्टी सहसा सांगावयाच्या राहून जातात. आवाहन करणारे दोघेही, म्हणजे रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख, त्या वेळी सरकारच्या न्यायखात्यात नोकरीस होते. दुसरी गोष्ट अशी की, आवाहन आणि सभा यांच्या मधल्या तीन महिन्यांत, १४ मार्च १८७८ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कौन्सिलने देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा एकाच बैठकीत संमत करून टाकला होता.

या कायद्याने मॅजिस्ट्रेटला देशी भाषेतील पत्राच्या मुद्रकाकडून व प्रकाशकाकडून जामीनकतबा आणि अनामत घेण्याचा, प्रसंगी ती जप्त करण्याचा अधिकार दिला. त्याच्या निर्णयावर न्यायालयात अपील नव्हते. इंग्रजी पत्रांना कायदा लागू नव्हता, म्हणूनच कलकत्त्याच्या ‘अमृतबाजार पत्रिके’ने एकाएकी इंग्रजीचा अंगीकार केला. सरकारचे दोन न्यायाधीश देशी भाषेतील लेखकांना सभेस बोलावतात आणि तेच सरकार त्या भाषेकडे जामीन मागते, असा तो काळ होता. आमचे धारवाडही तेव्हा मुंबई इलाख्यातच असल्याने हा कायदा येथील मराठी-कन्नड छापखान्यांच्याही डोक्यावर होता. १८८२ साली लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत तो रद्द झाला.

न्याय, राजकारण आणि मतस्वातंत्र्य यांविषयीची मराठीतील जाहीर चर्चा आरंभीच्या काळात फार मोठ्या प्रमाणावर सरकारी नोकरांनी चालवली, याकडे आपल्या वाङ्मयेतिहासात पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. पगार सरकारचा आणि लेखणी स्वतःची, अशी ही दुहेरी वाट होती. तिच्यावरून चालणाऱ्यांना काय सोसावे लागले आणि काय टाळता आले, हे पाहिल्याखेरीज त्या चर्चेचे स्वरूप नीट उमजत नाही.

लोकहितवादींचेच पाहा. वडील दुसऱ्या बाजीरावाचे सेनापती बापू गोखले यांचे फडणीस. मुलगा कंपनी सरकारच्या कचेरीत भाषांतरकार. १८४६ साली त्यांनी मुन्सफीची परीक्षा दिली आणि १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने एकशेआठ पत्रे लिहिली. त्यांत ब्राह्मणांच्या आळसावर, विद्येच्या मक्तेदारीवर, स्त्रियांच्या हालांवर जे कोरडे ओढलेले आहेत, ते आजही वाचताना अंगाला लागतात. राणीकडे अर्ज करून या देशासाठी पार्लमेंट मागावे, असेही त्यांनी त्या काळी सुचवले आहे. पंचविशीतल्या एका सरकारी कारकुनाने १८४८ साली हे लिहावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. टोपणनाव त्यांनी का घेतले असावे, हे सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तरीही नीट पाहता पत्रांतील सर्वांत तीव्र प्रहार स्वकीयांवर आहेत. राज्यकर्त्यांविषयी बोलताना सूर पुष्कळच खाली येतो. हा सूर केवळ भीतीने खाली आला, असे मी म्हणणार नाही. पेशवाईच्या अखेरीस जे घडले ते त्या पिढीच्या घराघरांत ठाऊक होते आणि इंग्रजी राज्य हा ईश्वरी संकेत आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पण प्रामाणिक समजूत आणि पगाराची सोय एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या म्हणजे माणसाला स्वतःचीही पारख करणे अवघड जाते. शिवाय टोपणनावामागे लेखक राहू शकतो, संपादकाला ती सवलत नसते. ‘प्रभाकरा’वर नाव होते ते भाऊ महाजनांचे. मराठीतील पहिल्या मोठ्या समाजचिकित्सेचे श्रेय वाटताना त्यांच्या वाट्यास फार थोडे आले आहे.

रानड्यांनी टोपणनाव घेतले नाही, पण सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातील त्यांचे कितीतरी लेख निनावी आहेत. सभेच्या कामामागे बुद्धी कोणाची आहे हे सरकारला ठाऊक होते. १८७८ सालीच त्यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. पुढे वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाची धामधूम आणि मे १८७९ मध्ये पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना लागलेल्या आगी यांनंतर त्यांना धुळ्यास धाडण्यात आले. तेथे त्यांच्या टपालावर पाळत होती, ही हकीकत रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. बदली ही शिक्षा नव्हे, ती प्रशासकीय सोय असते, असे आम्ही कचेरीत एकमेकांना सांगत असू. सांगणारा आणि ऐकणारा दोघेही मनात काय ते समजत. रानड्यांनी मात्र राजीनामा दिला नाही. संयमाने आणि साधार लिहीत राहिले, १८९३ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्यांच्या लेखनातील आकडेवारी, पुराव्याची शिस्त, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडण्याची रीत, यांत न्यायासनावरील सवयींचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते. चाकरीने लेखणी आवळली तशी घडवलीही.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांना हे मानवणारे नव्हते. सरकारी शाळेत शिक्षक असतानाच १८७४ साली त्यांनी ‘निबंधमाला’ काढली आणि तीत लोकहितवादींचा समाचार घेतला, तो इतका कठोर की आज वाचतानाही संकोच वाटावा. रत्नागिरीस बदली झाली. १८७९ साली त्यांनी राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी न्यू इंग्लिश स्कूल आणि त्यापुढील वर्षी ‘केसरी’. आपली शाळा, आपला छापखाना, आपले पत्र. मतस्वातंत्र्यासाठी आधी पोटापाण्याची स्वतंत्र व्यवस्था हवी, हे इतक्या स्पष्टपणे ओळखणारा मराठी लेखक त्यांच्यापूर्वी दिसत नाही. त्यांची मते मला सर्वस्वी पटत नाहीत, परंतु ही दृष्टी त्यांचीच. ‘निबंधमाले’तील ‘आमच्या देशाची स्थिति’ हा अखेरचा निबंध सरकारने १९१० मध्ये जप्त केला. लेखक जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती.

नोकरी सुटली की सरकारला बदलीचे हत्यार उरत नाही, उरतो तो तुरुंग. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणी टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशेएक दिवस काढले. १८७० साली दंडसंहितेत घातलेल्या १२४ अ या कलमाखाली टिळकांना १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. पहिल्या खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा अर्थ ज्यूरीला समजावून दिला. नऊ ज्यूरर्सपैकी सहा युरोपियनांनी दोषी ठरवले, तिघा हिंदी ज्यूररांनी निर्दोष. १९०८ च्या खटल्यात टिळकांच्या बचावाचा मोठा भाग ‘केसरी’तील मराठी शब्दांच्या सरकारी भाषांतरावर होता. शब्दांच्या छटा भाषांतरात उग्र करून मांडल्या आहेत, असे ते परोपरीने दाखवत होते. साठ वर्षांपूर्वी भाषांतरकाराच्या खुर्चीत बसून एक माणूस टोपणनावाने लिहीत होता. आता त्याच खुर्चीतून निघालेल्या कागदावर संपादकाला मंडालेला पाठवले गेले.

येथवर सरकार आणि लेखक असा सरळ सामना आहे. जोतीराव फुले यांनी तो सरळ राहू दिला नाही. १८८५ साली पुण्यास दुसरी ग्रंथकार सभा भरावयाची होती. रानड्यांनी फुल्यांना निमंत्रण पाठवले. फुल्यांनी येण्याचे नाकारले आणि त्यांचे उत्तर ११ जूनच्या ‘ज्ञानोदया’त छापून आले. ज्यांना इतर माणसांचे मानवी हक्क उघडपणे मान्य करता येत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसणार नाही, हा त्याचा आशय. रानड्यांचा हेतू शुद्ध होता यात शंका नाही. पण निमंत्रण गेले म्हणजे सभा सर्वांची झाली, हे गृहीतक फुल्यांनी फेटाळले. सभेत बोलण्याची मुभा आणि सभेचे विषय ठरवण्याची सत्ता या भिन्न गोष्टी आहेत, हे मराठीत पहिल्यांदा इतक्या नेमकेपणाने त्या पत्राने दाखवले.

आणि फुले हे लिहू शकले याचे एक साधे कारण असे की ते कोणाचे पगारी नोकर नव्हते. ते ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामास माल पुरवण्याचा त्यांचा व्यवसाय होता. सरकारी कामाचाच तो पैसा, पण मालाचा मोबदला, मालकाने दिलेले वेतन नव्हे. तरी त्यांनाही अडथळा आलाच, आणि तो सरकारकडून आला नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून पूर्ण झाला. त्याचा आरंभीचा भाग ‘दीनबंधु’त आला आणि पुढचा छापणे पत्राने थांबवले. ‘दीनबंधु’ हे सत्यशोधकांचेच पत्र. आपल्याच माणसांची ही कच फुल्यांना किती बोचली, हे त्यांच्याच लेखणीतून उतरले आहे. आगरकरांनाही हाच अनुभव निराळ्या दिशेने आला. ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि त्यांच्या हयातीतच पुणेकरांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. त्या मिरवणुकीला कोणत्याही मॅजिस्ट्रेटच्या हुकमाची गरज पडली नव्हती.

फुल्यांचा प्रश्न आम्हा धारवाडकर मराठी भाषकांना आणखी एका बाजूने लागू होतो, आणि तो अंगावर घेणे मला आवश्यक वाटते. या भागात इंग्रजी अंमलाच्या आरंभीच्या दशकांत शाळांत आणि कचेऱ्यांत मराठी होती; मुले घरी कन्नड बोलत आणि शाळेत मराठी गिरवीत. ज्या काळात पुण्यात देशी भाषेवरील अन्यायाची चर्चा चालली होती, त्याच काळात येथे ती देशी भाषाच दुसऱ्या एका देशी भाषेच्या आसनावर बसलेली होती. हे बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते डेप्युटी चन्नबसप्पा शिक्षणखात्यातील अधिकारी होते. त्यांनी टोपणनाव घेतले नाही की राजीनामा दिला नाही. खात्यात राहून कन्नड शाळांसाठी झटले. १८८१ साली ते वारले आणि २० जुलै १८९० रोजी धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. सरकारी नोकराच्या हातून काय होऊ शकते, याचे उदाहरण म्हणून रानड्यांच्या शेजारी मी चन्नबसप्पांचे नाव घेईन. आमच्या मराठी वर्तुळात ते फारसे घेतले जात नाही.

याच गावात १८९६ साली दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे जन्मले. घरची भाषा मराठी, कवितेची भाषा कन्नड. त्यांनीही ‘अंबिकातनयदत्त’ हे नाव घेतले, पण त्यामागे कोण आहे हे अवघ्या धारवाडास ठाऊक होते. त्यांच्या भोवती जमलेल्या ‘गेळेयर गुंपु’ या मित्रमंडळात वि. कृ. गोकाक होते, शं. बा. जोशी होते, काव्यापासून इतिहासापर्यंत वाद होत. बेंद्र्यांची ‘नरबलि’ ही कविता राजद्रोही ठरली आणि १९३२ साली त्यांना हिंडलग्याच्या तुरुंगात व पुढे धारवाडजवळच्या मुगद गावी स्थानबद्धतेत राहावे लागले. शिक्षा संपली तरी तिचे परिणाम संपले नाहीत. शिक्षक असलेल्या या माणसाला पुढे कितीतरी वर्षे स्थिर नोकरी मिळाली नाही. १९४४ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात कन्नडच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. धारवाडच्या कन्नड कवीला मराठी मुलखाने पोटास लावले, ही गोष्ट सीमाप्रश्नावर हमरीतुमरीवर येणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींना मी अधूनमधून ऐकवीत असतो.

१२४ अ कलमाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनेशी सुसंगत ठरवले, मात्र हिंसेस चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्थेची प्रवृत्ती असल्याशिवाय ते लागू होत नाही असा त्याचा संकोच केला. मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्याचा वापर स्थगित ठेवला आणि १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तीत ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांना धोका आणणाऱ्या कृत्यांचे कलम १५२ आहे. सरकारी नोकरांपुरते म्हणाल तर कर्नाटकाच्या १९६६ च्या वर्तणूक नियमांत शासनावर टीका करण्यास मनाई होती आणि निव्वळ साहित्यिक, कलात्मक वा शास्त्रीय लेखनास सवलत होती. ‘निव्वळ’ या शब्दावर माझ्या नोकरीत अनेकदा चर्चा ऐकली. ‘नरबलि’ ही निव्वळ कविताच होती.

मात्र धारवाडात राहणाऱ्याने हा विषय काढला आणि तो सरकारपाशीच थांबवला, तर फुल्यांनी व आगरकरांनी दाखवलेली बाजू सोडून दिल्यासारखे होईल. डॉ. एम. एम. कलबुर्गी कर्नाटक विद्यापीठात कन्नडचे प्राध्यापक, पुढे हंपीच्या कन्नड विद्यापीठाचे कुलगुरू. शिलालेख आणि वचनसाहित्य यांच्या अभ्यासात त्यांचा अधिकार मोठा. ‘मार्ग’ या ग्रंथातील काही निष्कर्षांवरून त्यांच्याच समाजातून दडपण आले आणि १९८९ साली त्यांना ते मागे घ्यावे लागले. कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी आपण हे केले, पण ही आपली बौद्धिक आत्महत्या होती, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. तरी ते संशोधन करीत राहिले आणि त्याच ‘मार्ग’ मालेच्या चौथ्या खंडास २००६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ३० ऑगस्ट २०१५ रोजी, रविवारी सकाळी, कल्याणनगरातील त्यांच्या घरी त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यापूर्वी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांची हत्या झाली होती. दाभोलकर प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप दिली व तिघांना निर्दोष सोडले. कलबुर्गी प्रकरणी विशेष तपास पथकाने २०१९ साली आरोपपत्र दाखल केले.

कलबुर्गी तेव्हा शहात्तर वर्षांचे होते आणि नोकरीतून निवृत्त झालेले होते. बदली करावी अशी जागा नव्हती, थांबवावा असा पगार नव्हता, आणि त्यांच्या पुस्तकांवर नाव त्यांचे स्वतःचेच होते.