पाय कापू देण्यास नकार

१६ जानेवारी १९६४. अमेरिकेतील पोर्टलंड येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ८२ वर्षांची एक स्त्री दाखल होती. डाव्या पायाच्या बोटांना गँगरीन झाले होते आणि वेदना असह्य होत्या. शल्यचिकित्सकांनी पाय कापण्याचा सल्ला दिला. तिने तो साफ नाकारला. या नकारामुळेच ती चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाच्या हाती आली.

मांडीच्या धमनीचा एक आखूड भाग अरुंद झालेला अँजिओग्राममध्ये दिसला. डॉटर यांनी त्वचेतून सुई घालून एक बारीक तार त्या चिंचोळ्या जागेपलीकडे नेली आणि तारेवरून आधी बारीक, मग जाड अशा टेफ्लॉनच्या नळ्या सरकवल्या. काही मिनिटांतच पाऊल उबदार झाले. आठवड्याभरात वेदना थांबल्या. पुढे दोनेक वर्षांनी ती वारली, पण तोवर स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत होती.

या धाडसामागे एक अपघात होता. १९६३ मध्ये दुसऱ्याच एका रुग्णाची महाधमनी तपासताना डॉटर यांचा कॅथेटर कटिभागातील बंद पडलेल्या धमनीतून नकळत आरपार गेला होता. निदानाच्या नळीने वाट मोकळी होत असेल, तर तीच उपचाराचे हत्यार का होऊ नये? तारेवरून नळी आत नेण्याची रीत स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्येच दाखवून दिली होती. हा प्रश्न मात्र डॉटर यांचा.

अमेरिकेतील शल्यचिकित्सकांना तो रुचला नाही. एकाने तर तपासणीच्या कागदावरच बजावले की धमनीचे चित्र तेवढे घ्यावे, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. हा केवळ मत्सर नव्हता. डॉटर यांच्या पद्धतीत खरी उणीव होती: धमनी जितकी रुंद करायची, तितकीच जाड नळी त्वचेतून घालावी लागे, आणि नळीच्या रेट्याने आतील साका पुढे ढकलला जाण्याची भीती असे. युरोपात मात्र ही पद्धत ‘डॉटरिंग’ या नावाने रुजली. तेथेच झुरिकच्या आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी स्वयंपाकघरातील टेबलावर खटपट करून फुगा असलेला कॅथेटर घडवला. फुगा मिटलेला आत जातो आणि अडथळ्यापाशी पोचल्यावर फुगतो. १९७४ मध्ये त्यांनी तो पायाच्या धमनीत वापरला. हृदयाची पाळी १९७७ मध्ये आली. अँजिओप्लास्टी म्हटले की आज हृदयच आठवते, पण तिचा जन्म पायात झाला.

साठच्या दशकाच्याच अखेरीस जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी कृत्रिम पाऊल घडवत होते. ‘जयपूर फूट’चा अभिमान रास्तच आहे, तरी गेलेल्या पायाची सोय करण्यापूर्वी तो वाचवता आला असता का, हा प्रश्न भारतात आज अधिक टोचतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. मधुमेहात बहुधा गुडघ्याखालच्या बारीक धमन्या बंद होतात, आणि नसा बधिर झाल्याने जखम दुखतही नाही.

फुगा प्रत्येक वेळी श्रेष्ठ ठरतो असेही नाही. २०२२ च्या ‘बेस्ट-सीएलआय’ चाचणीत, पायातील चांगली शीर उपलब्ध असलेल्या रुग्णांमध्ये बायपास सरस ठरला. २०२३ च्या ‘बेसिल-२’ चाचणीत, गुडघ्याखालच्या विकारात, कौल उलट लागला. यांपैकी काहीही निवडण्याआधी रक्तप्रवाह मोजावा लागतो. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून येणारा आकडा ०.९ किंवा त्याहून कमी असल्यास धमनीत अडथळा असल्याचे मानतात. मधुमेहात मात्र कॅल्शियम साठून कडक झालेली धमनी दाबली जात नाही आणि आकडा फसवा येतो. अशा वेळी अंगठ्याचा रक्तदाब घेतात.